क्लच धरत नाही की सोडत नाही?

"क्लच गेला." अंबड-घनसावंगीकडे मोसंबीच्या बागेत छोटा ट्रॅक्टर चालवणारा माणूस वर्षातून एकदा तरी हे बोलतोच. मिस्त्रीही तेवढंच ऐकून पाना हातात घेतो. पण या दोन शब्दांमागे दोन वेगळे आजार असतात. एकात क्लच धरत नाही, म्हणजे घसरतो. दुसऱ्यात तो सोडत नाही. दोन्हींत रोटाव्हेटर नीट चालत नाही आणि दोन्हींत बोट क्लचच्या पेडलकडेच जातं. मात्र एकावरचा इलाज दुसऱ्याला मारक ठरतो, म्हणून आधी ओळख पटवायला हवी.

धरत नसेल तर इंजिन पळतं आणि काम थांबतं. ओल्या काळ्या रानात रोटाव्हेटर खाली टेकवला, की इंजिनचा आवाज चढतो, पण मागचं पातं मंदावतं. चढावर ट्रॉली ओढताना धूर काढत आवाज वाढतो, चाक मात्र जागेवरच. थोड्या वेळात जळक्या लायनिंगचा, म्हणजे क्लच प्लेटवरच्या अस्तराचा, वास येतो. तो वास एकदा नाकात बसला की माणूस आयुष्यभर विसरत नाही.

सोडत नसेल तर सगळं उलट. ओढायला ट्रॅक्टर ठणठणीत असतो. पेडल पार खाली दाबलं तरी गिअर टाकताना करकर होते, पीटीओचा (मागच्या अवजाराला इंजिनची ताकद देणाऱ्या फिरत्या शाफ्टचा) दांडा दात खातो, आणि पाय पूर्ण दाबलेला असतानाही ट्रॅक्टर हळूच पुढे सरकतो. घसरणारा क्लच कामाचा खोळंबा करतो, पण न सुटणारा क्लच माणसाला इजा करू शकतो. मागे रोटाव्हेटरपाशी कोणी उभं असेल आणि पेडल दाबूनही पीटीओ फिरतच राहिला, तर काय होईल ते सांगायला नको.

आता मोकळ्या चालीबद्दल, कारण बहुतेक घोटाळा इथेच होतो. पेडल हाताने हलकं दाबून बघा. सुरुवातीला ते काही जोर न लागता खाली जातं आणि मग एकदम जड लागतं. ती हलकी चाल बऱ्याच जुन्या छोट्या ट्रॅक्टरांत साधारण २० ते ३० मिमी असते. तुमच्या गाडीचा नेमका आकडा तिच्या पुस्तिकेत सापडेल. ही चाल उरलीच नाही, तर रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर पुढे सरकून क्लच सोडवणारं बेअरिंग) प्रेशर प्लेटच्या फिंगरांना (क्लच प्लेट दाबून धरणाऱ्या भागाच्या बोटांसारख्या पट्ट्यांना) कायम टेकलेलं राहतं आणि क्लच पूर्ण धरत नाही. चाल फार वाढली, तर पेडल तळाला जाऊनही फिंगर पुरेशा दबत नाहीत आणि क्लच सुटत नाही. गंमत अशी, की क्लच प्लेट झिजत गेली की चाल आपोआप कमी होत जाते. म्हणून दर हंगामाला ती मोजली, तर घसरण सुरू होण्याआधीच कळतं.

आमच्या जुन्या १८ अश्वशक्तीच्या गाडीचं हेच झालं. पावसाळ्यात गळक्या पत्र्याखाली ती दोन महिने उभी होती. भादव्यात काढली तर पीटीओ टाकताना करकर. एका मिस्त्रीने पेडलला जोडलेला क्लचचा रॉड आवळला, चाल जवळजवळ संपवली, आणि करकर कमी झाली. आम्ही खूश झालो. तिसऱ्या आठवड्यात मोसंबीच्या दोन ओळींच्या मधात रोटाव्हेटर अडला, इंजिन ओरडायला लागलं आणि तो वास आला. इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे करून बघितलं, तेव्हा प्लेटच्या मधल्या खाचांवर गंज होता, त्यामुळे प्लेट शाफ्टवर सरकतच नव्हती. मूळ दुखणं गंजाचं होतं. आम्ही रॉड आवळून त्यावर पांघरूण घातलं आणि बऱ्या प्लेटची लायनिंग जाळून घेतली. आता पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल, तर पेडल दाबून लाकडी ठोकळ्याने अडकवून ठेवतो. प्लेट फ्लायव्हीलला चिकटत नाही. शाफ्टवरच्या गंजाला मात्र पत्रा नीट करण्यावाचून उपाय नाही.

ओळख पटवायला दोन परीक्षा पुरतात. घसरणीसाठी सपाट मोकळी जागा बघा, पुढे-मागे कोणी नको, हँडब्रेक ओढा, वरचा गिअर टाका, इंजिन मंद ठेवा आणि पेडल हळूहळू सोडा. क्लच ठणठणीत असेल तर इंजिन बंद पडतं. ते चालूच राहिलं तर क्लच घसरतोय. लगेच पेडल दाबा, उगाच ताणू नका. न सुटण्यासाठी पेडल पूर्ण दाबून चार-पाच सेकंद थांबा, मग रिव्हर्स टाका. थांबणं महत्त्वाचं आहे, कारण जुन्या गिअरबॉक्सना घाई केली की निरोगी क्लचवरही आवाज येतो. थांबूनही करकर आलीच, तर क्लच सुटत नाही.

बेल हाउसिंगच्या (क्लचभोवतीच्या कवचाच्या) खाली एक छोटं भोक असतं, तिथेही बोट फिरवा. काळं पातळ तेल लागलं तर इंजिनचं मागचं सील गेलं असण्याची शक्यता जास्त. जाड आणि उग्र वासाचं असेल तर गिअरबॉक्सच्या बाजूचं. तेलकट लायनिंग घसरणारच, मग रॉड किती का फिरवा.

सगळा दोष क्लचवर टाकण्याआधी रोटाव्हेटरकडे वळा. इंजिन बंद करा, चावी खिशात ठेवा, मगच जवळ जा. शिअर बोल्ट (जादा ताण आला की मुद्दाम तुटणारा बोल्ट) तुटला असेल किंवा रोटाव्हेटरचा सेफ्टी क्लच घसरत असेल, तर ट्रॅक्टरचा पीटीओ नीट फिरतो आणि पातं उभं राहतं. मिनिटाला ५४० फेऱ्यांचा तो शाफ्ट चालू असताना लुगड्याचा पदर, उपरणं, सैल बाही यांपैकी काहीही जवळ नको. गार्ड तुटलेला असेल, तर बाकी काम राहू द्या, आधी तो बसवा.

ज्या जुन्या गाड्यांना एकच क्लच आहे आणि पीटीओची ताकदही त्यातूनच जाते, त्यांच्यात एक फसवी गोष्ट घडते. जड श्रेडर लावलेला असेल, तर पेडल दाबल्यावरही त्याच्या फिरत्या वजनाची ताकद पीटीओतून उलटी गिअरबॉक्समध्ये येते आणि चाकं पुढे ढकलते. वाटतं क्लच सुटत नाही, पण क्लच निर्दोष असतो. पीटीओ काढून तीच परीक्षा करा. ट्रॅक्टर लगेच थांबला, तर पीटीओवर ओव्हररनिंग कपलर (ताकद उलटी येऊ न देणारा जोड) बसवून घ्या. दुहेरी क्लचच्या गाडीत अर्ध्या पेडलवर चाकं थांबतात आणि पूर्ण दाबल्यावर पीटीओ. तिथे चाकं बरोबर ओढत असतील आणि रोटाव्हेटरच मंदावत असेल, तर मिस्त्रीला पीटीओच्या प्लेटबद्दल सांगा.

गॅरेजला जाताना "क्लच गेला" म्हणू नका. "धरत नाही, चाल एवढी आहे, खालच्या भोकात असं तेल आहे" असं सांगा, आणि रॉडला पाना लावायच्या आधी पट्टी लावून चाल मोजायला लावा.