टोकदार कोपरा कटरला येत नाही

(डब्ल्यूआर-१०, म्हणजे ७५ ते ११० गिगाहर्ट्झची आयताकृती पोकळ धातूची नळी किंवा वेव्हगाइड, आणि आसपासच्या बँडचे प्रोब ट्रान्झिशन ब्लॉक, म्हणजे वेव्हगाइडमधला सिग्नल सर्किटच्या लाइनवर घेणारे ठोकळे, मागवण्याआधी वाचावे)

"फाइल पाठवली की दुसऱ्या दिवशी तुमचा फोन येतो आणि काम आठवडाभर मागे पडतं." आमच्या मिलिंग शॉपबद्दलची ही तक्रार खरी आहे. त्या फोनवर आम्ही बहुतेक वेळा एकच गोष्ट विचारतो : बॅकशॉर्टच्या (प्रोबच्या मागचा, टोकाशी बंद असलेला वेव्हगाइडचा तुकडा) कोपऱ्यांना रेडियस किती धरली आहे? उत्तर येतं, शून्य.

वेव्हगाइड आम्ही रुंद भिंतीच्या मधोमध दुभागतो. टीई-१० मोडचा (वेव्हगाइडमधल्या मुख्य लहरीचा) करंट ती रेषा ओलांडत नाही, त्यामुळे सांधा अगदी तंतोतंत मिटला नाही तरी लॉस फारसा वाढत नाही. प्रोबचं सब्स्ट्रेट (प्रोब ज्यावर छापलेला असतो ती पातळ पट्टी) याच सांध्यावर बसतं आणि दोन्ही अर्धे वरून मिल होतात. आता कटर म्हटला की तो गोल फिरणार. बॅकशॉर्टच्या टोकाचे कोपरे निदान कटरच्या त्रिज्येइतके गोल राहणारच.

डब्ल्यूआर-१० ची उंची १.२७ मिमी, आणि एकेका अर्ध्यातली खोलीही तेवढीच. १ मिमीचा कटर लावला तर भिंती सुरेख येतात, पण कोपऱ्याला ०.५ ची रेडियस पडते आणि टोक जवळजवळ अर्धगोल होतं. नुसत्या क्षेत्रफळाचा हिशेब केला तरी बॅकशॉर्ट सरासरी ०.०८ मिमीने आखूड झाला. ९२.५ गिगाहर्ट्झला गाइड वेव्हलेंग्थचा (वेव्हगाइडच्या आतल्या तरंगलांबीचा) पाव भाग १.०५ मिमी भरतो आणि बॅकशॉर्ट साधारण तेवढा धरतात. म्हणजे आठ टक्के गेले. अर्ध्या मिमीच्या कटरने ही घट ०.०२ वर येते. मात्र तो कटर जपून चालवावा लागतो, तरी मोडतो, आणि मोडताना कधी जॉबही घेऊन जातो. कोटेशनमध्ये दोन दर दिसतात ते यासाठी.

"मग ०.०८ ने लांब कापा की!" असं सांगू नका. वरचा हिशेब अंदाजापुरता आहे, फील्डचा नाही. शिवाय तुमचं डिझाइन वाइडबँड आहे. ७५ गिगाहर्ट्झला तो पाव भाग १.६२ मिमी असतो आणि ११० ला ०.८१, म्हणजे निम्मा. बॅकशॉर्टची एकच लांबी दोन्ही टोकांना जमत नाही, म्हणून तर तुम्ही प्रोबची रुंदी, त्यापुढची बारीक इंडक्टिव्ह लाइन आणि पाव वेव्हलेंग्थचा ट्रान्सफॉर्मर मिळून तोल साधलेला असतो. त्यातलं एक माप सरकलं की बाकीची पुन्हा जुळवावी लागतात. फक्त ७६ ते ८१ गिगाहर्ट्झच्या रडारचं काम असेल तर एकवेळ निभावतं. पूर्ण बँड हवा असेल तर रेडियस धरून सिम्युलेशन पुन्हा चालवा. एका रात्रीचं काम आहे. कापलेला आणि सोन्याचं प्लेटिंग झालेला ब्लॉक पुन्हा करायचा तर आठवडे जातात, आणि तो खर्च कोणी द्यायचा यावर बोलणं होतं ते वेगळंच.

स्पार्कवर (विजेच्या ठिणग्यांनी धातू झिजवून) कोपरा बराच टोकदार मिळतो, हे खरं. मागितलंत तर करून देऊ. पण या फ्रिक्वेन्सीला सोन्यात करंट जेमतेम पाव मायक्रॉन शिरतो आणि स्पार्कचा खरखरीत पृष्ठभाग त्याला जाचतो. कोपरा गोल धरून केलेलं डिझाइन आम्हाला जास्त पटतं.

जाता जाता मायक्रोस्ट्रिपच्या (सब्स्ट्रेटवर छापलेल्या लाइनच्या) चॅनेलबद्दल, म्हणजे ती ज्या खाचेत बसते तिच्याबद्दल. सब्स्ट्रेट बसवायला सोपं जावं म्हणून काही जण तो रुंद मागतात. ११० गिगाहर्ट्झला हवेतली अर्धी वेव्हलेंग्थ १.३६ मिमी आहे आणि आत सब्स्ट्रेट आलं की मर्यादा आणखी खाली येते. चॅनेलची रुंदी तिच्यावर गेली तर चॅनेलच वेव्हगाइड बनतो आणि बँडच्या मध्येच खड्डा दिसतो. मग फोन आम्हाला येतो.

फाइल पक्की करण्याआधी कच्ची पाठवलीत तर कुठे कोणता कटर जाईल ते खुणावून, रेडियस घातलेलं मॉडेल आम्ही परत पाठवतो. याचे पैसे घेत नाही. ऑर्डर दिलीच पाहिजे असंही नाही. पहिल्यांदाच काम देत असाल तर दोन ट्रान्झिशन पाठीला पाठ लावलेला एक तुकडाही सोबत मागवा. तो त्याच सेटिंगमध्ये निघतो, म्हणून स्वस्त पडतो, आणि तुमच्या मोजणीत मधल्या लाइनचा लॉस वजा करून उरलेल्याचा निम्मा धरला की एका ट्रान्झिशनचा अंदाज मिळतो. मधल्या लाइनची लांबी तेवढी ड्रॉइंगवर लिहा.