चाहूल न देता पाणपक्षी पाहणे

पाणपक्ष्यांचे चरणे किंवा विसावणे न मोडता त्यांना नीट पाहता येईल इतपत जवळ जाण्याची रीत. नाशिक जिल्ह्यात तिचा कस लागतो तो निफाड तालुक्यातील नांदूरमध्यमेश्वरला. गोदावरी-कादवा संगमाजवळच्या बंधाऱ्यामागे गाळ साचून येथे उथळ पाणी, बेटे आणि पाणवनस्पती तयार झाल्या. १९८६ मध्ये हे अभयारण्य झाले. जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून त्याचे नाव जाहीर झाले. हिवाळ्यात थापट्या, तलवार बदक, चक्रवाक असे पाहुणे उतरतात.

बदकांचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने मान न वळवताही त्यांना जवळजवळ चहूकडचे दिसते; मागून गाठण्याचा बेत म्हणून फुकट जातो. कपड्यांच्या रंगाची चर्चा फार होते, पण पक्षी बिचकतात ते मुख्यतः हालचालीने आणि आभाळाच्या पार्श्वभूमीवर उभ्या दिसणाऱ्या माणसाच्या आकृतीने. बांधाच्या माथ्यावरून चालू नये. उतारावरून, उसाच्या किंवा बाभळीच्या आडोशाने, पक्ष्यांकडे रोख न ठेवता तिरके सरकावे. चार पावले टाकून थांबावे. दुर्बीण आधीच छातीशी धरलेली बरी, कारण हात झटकन वर गेला की थवा उठतो.

किती जवळ जायचे हे पक्षीच ठरवतात. माना ताठ होणे, चरणे थांबणे, विखुरलेला थवा एकवटून खोल पाण्याकडे सरकणे, या खुणा दिसताच थांबावे. माना पुन्हा खाली गेल्याशिवाय पुढचे पाऊल नाही. थापट्या पाण्यावरून थेट वर झेपावतो. वारकरी नावाच्या काळ्या पाणपक्ष्याला मात्र पाण्यावर धावत गेल्याशिवाय उडता येत नाही, त्यामुळे तो बऱ्याचदा पोहत दूर जाऊ लागतो. टिबुकली सरळ बुडी मारते. टिटवीपुढे मात्र कुणाचे चालत नाही: ती ओरडली की सारे पाणथळ सावध होते. भोवत्या हा शिकारी पक्षी डोक्यावरून गेला तरी थवे उठतात. तो दोष पाहणाऱ्याचा नव्हे.

उठवलेल्या थव्याची चरण्याची वेळ बुडते आणि उडण्यात ताकद खर्च होते. दूरच्या प्रवासाआधी चरबी साठवणाऱ्या स्थलांतरितांना हे महागात पडते. चापडगावच्या बाजूला निरीक्षण मनोरे आहेत. तेथे दुर्बीण लावून बसणे हा सर्वांत कमी त्रासाचा मार्ग, फक्त फोटोच्या हव्यासाला तो पुरत नाही. उन्हाळ्यात शेकाट्या आणि टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालतात. तेव्हा कितीही हळू गेले तरी पक्षी अंड्यांवरून उठतो आणि ती उन्हात उघडी पडतात; अशा जागी जाऊच नये.