गोमंतकीय मराठी कादंबरीकाराची वाचनघडण

गोव्यात वाढलेल्या आणि मराठीत कादंबरी लिहिणाऱ्या लेखकावर लहानपणापासून होणारे श्रवण-वाचनाचे संस्कार आणि त्यांतून घडलेली त्याची लेखनाची रीत. या लेखकाच्या घरात बहुधा कोकणी बोलली जाते. देवळातले भजन-कीर्तन, पोथी, जत्रेतले नाटक आणि रोजचे वर्तमानपत्र मराठीत असते. १९६१ पर्यंत सरकारी शाळा आणि कचेरी यांची भाषा पोर्तुगीज होती. ऐकायची भाषा एक आणि वाचायची दुसरी, ही या कादंबरीची मूळ स्थिती आहे. तिचे गुण आणि तिच्या अडचणी दोन्ही तिथूनच निघतात.

पोथी आणि पाहिलेले खेळ : पहिले वाचन कानाने होते. श्रावणात घरी किंवा देवळात पुराण लागते. तांबड्या कापडात बांधलेली पोथी सोडून चौरंगावर ठेवतात, समईची वात सारतात. वाचणारा मराठी ओवी सुरात म्हणतो, थांबतो, आणि समोर बसलेल्या बायाबापड्यांना तिचा अर्थ कोकणीत सांगतो. राम वनवासाला निघाल्याचे मराठीत कळते, पण कौसल्येचे रडणे कोकणीत ऐकू येते. आजीच्या मांडीला टेकून बसलेल्या मुलाला, एका भाषेतली गोष्ट दुसरीत सांगताना काय गळते आणि काय नव्याने येऊन मिळते, हे शाळेत जाण्याआधीच उमगलेले असते. पुढे तो कितीही ग्रंथ वाचो, या संस्काराइतके खोल काही जात नाही असे म्हणावेसे वाटते. काला आणि दशावतार ही देवळातली नाट्ये, सत्तरी तालुक्यातले रणमाले हे लोकनाट्य आणि पौषात बायका नाचत म्हणतात ती धालोची गाणी यांनी हीच घडण पक्की केली. रात्रभर चालणाऱ्या खेळात प्रसंग किती ताणायचा आणि कुठे सोडायचा, याचा अंदाज प्रेक्षकांत बसूनच येतो.

ग्रंथांची वाट : गोव्यात मराठी ओवी जुनी आहे. सोळाव्या शतकात कृष्णदास शामा यांनी कृष्णचरित्र मराठीत रचले. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांचे सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये गोव्यातल्याच रायतूरला छापले गेले. भारतातला पहिला छापखाना १५५६ मध्ये गोव्यातच सुरू झाला होता. मात्र १६८४ च्या पोर्तुगीज फर्मानाने कोकणीच्या वापरावर बंदी घातली आणि देशी भाषांतली ग्रंथनिर्मिती दीर्घकाळ खुंटली. बंदीपूर्वीची काही मराठी-कोकणी हस्तलिखिते आज पोर्तुगालमधील ब्रागा येथील ग्रंथालयात आहेत. आपल्या गावची जुनी गद्य वळणे तपासायला गोमंतकीय लेखकाला समुद्रापलीकडे पाहावे लागते, ही खंत साधी नाही.

पणजीचे मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ चे, म्हणजे देशातल्या सर्वांत जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी एक. आता ते पाटो येथील संस्कृती भवनात आहे. सामान्य मराठी वाचकाची सोय मात्र १९१० मध्ये पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आल्यावर हिंदूंना जी मोकळीक मिळाली, तीनंतर उभ्या राहिलेल्या खासगी शाळांनी आणि वाचनालयांनी केली. १९३० चे मराठी साहित्य संमेलन वामन मल्हार जोशी यांच्या अध्यक्षतेखाली मडगावला भरले, तेव्हा गोवा परक्या सत्तेखालीच होता. पुढे पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीत छापण्याआधी मजकूर तपासून घ्यावा लागे. साहजिकच मुंबई आणि बेळगावहून येणाऱ्या पुस्तकांवर तहान भागवावी लागे, आणि एक पुस्तक अनेक घरे फिरून येई. गोव्याच्या पावसात कागदाला बुरशी धरते. पाऊस सरल्यावर कपाटातली पुस्तके अंगणात चटईवर पसरून ऊन देणे हे वाचणाऱ्या घराचे नेहमीचे काम असते.

प्रेरणा : बा. भ. बोरकर यांची ओळख कवी म्हणून असली तरी त्यांनी कादंबऱ्याही लिहिल्या. 'भावीण' मध्ये त्यांनी देवळाशी बांधलेल्या स्त्रीचे जगणे घेतले. लक्ष्मणराव सरदेसाई मराठी, कोकणी आणि पोर्तुगीज या तिन्ही भाषांत लिहीत. सुभाष भेंडे यांच्यासारखा बोरीचा लेखक मुंबईत राहून गोव्याविषयी लिहीत राहिला; २००३ च्या कऱ्हाड साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. कारवारजवळच्या माजाळीत जन्मलेले, काही वर्षे सैन्यात काढलेले महाबळेश्वर सैल यांच्या लेखनात कष्टकऱ्याच्या हाताची माहिती मुरलेली असते. 'हावठण' ही त्यांची कोकणी कादंबरी कुंभारांच्या जीवनावर आहे आणि तिला सरस्वती सन्मान मिळाला. माती कशी कालवतात आणि भट्टी कधी पेटवतात हे ठाऊक नसलेल्याला असे लेखन साधणार नाही.

संवादांचा प्रश्न : लिहायला बसल्यावर सगळी घडण एका जागी अडते, ती पात्राच्या तोंडी. निवेदन प्रमाण मराठीत सहज चालते. पण मांडवीकाठची म्हातारी 'मला पाणी दे' म्हणाली की ती खोटी वाटू लागते. ती म्हणते 'उदक दी'. गोव्यात उदक हा रोजचा, कळशीतला, चुलीपाशी ठेवलेला शब्द. पुण्याच्या वाचकाला तो संध्येची पळी किंवा जुन्या कवितेची आठवण देतो. 'जाय' तसेच. कोकणीत 'म्हाका जाय' म्हणजे मला हवे. मराठी वाचक तिथे जाण्याचा अर्थ शोधतो. पदेर, जनेल, कदेल हे पोर्तुगीजमधून आलेले शब्द घरात मुरलेले आहेत, त्यांना पाववाला, खिडकी, खुर्ची केले की घरच बदलते.

यावर तीन वाटा दिसतात. कोणी संवाद कोकणीत ठेवून तळटीप देतो. कोणी मराठीच ठेवतो, पण वाक्याची चाल कोकणीची करतो, जेणेकरून शब्द न अडता कानाला गाव कळावे. ही दुसरी वाट कठीण आहे आणि जिथे साधली तिथे सर्वांत चांगली उतरली आहे. तिसरी सैल यांची: इन्क्विझिशनच्या, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाच्या, काळातल्या गोव्याची कथा त्यांनी कोकणीत 'युग सांवार' आणि मराठीत 'तांडव' अशी दोन्ही भाषांतून वाचकांपुढे ठेवली.