कुबित्साचा उजवा हात, मॉसचा मेंदू

6 फेब्रुवारी 2011. इटलीच्या लिग्युरिया किनाऱ्यावर आंदोरा गावाजवळ एक छोटी रॅली चालू होती. फॉर्म्युला वनचा मोसम अजून सुरू व्हायचा होता, आणि रॅलीचा नाद असलेला पोलंडचा फॉर्म्युला वन चालक रॉबर्ट कुबित्सा श्कोडा फाबिया घेऊन तिथे उतरला होता. गाडी रस्त्याकडेच्या लोखंडी कठड्यावर आदळली आणि कठड्याची पट्टी गाडीत आरपार घुसली. उजवा हात कोपराखाली अर्धवट तुटला. कोपर, खांदा, पाय, सगळीकडची हाडे मोडली. रक्त इतके गेले की आधी जीव वाचवणे हेच काम होते. पिएत्रा लिग्युरेच्या रुग्णालयात सात तास शस्त्रक्रिया चालली आणि हात वाचला. कुबित्सा तेव्हा 26 वर्षांचा होता.

याच माणसाचा 2007 साली कॅनडात माँट्रियलच्या फॉर्म्युला वन शर्यतीत त्याहून कितीतरी वेगात अपघात झाला होता. त्या धडकेत क्षणभर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे 75 पट बल नोंदले गेले. दुखापत काय झाली? पाय मुरगळला आणि डोक्याला सौम्य मार बसला. एक शर्यत हुकली, आणि पुढच्या वर्षी त्याच ट्रॅकवर तो जिंकला. अपघात दिसायला किती भयंकर होता यावरून चालक परतेल की नाही हे ठरत नाही, ते असे. बल शरीरभर कसे वाटले गेले आणि नेमकी कुठली ऊती फाटली, यावर सगळे अवलंबून असते.

खेळाच्या बातम्यांत पुनरागमनाची गोष्ट नेहमी जिद्दीची असते. मला ती मांडणी अन्यायाची वाटते. जे परतले नाहीत त्यांची जिद्द कमी होती, असा तिचा दुसरा अर्थ निघतो आणि तो खोटा आहे. हाड, मज्जातंतू, मेंदू आणि मज्जारज्जू यांचे बरे होण्याचे नियम वेगळे आहेत, आणि ते इच्छाशक्तीला फारसे विचारत नाहीत.

हाड त्यातल्या त्यात समजूतदार. रक्तपुरवठा नीट असेल आणि तुकडे हलले नाहीत तर काही आठवड्यांत ते जुळू लागते, प्लेट आणि स्क्रू तोवर आधार देतात. घोटाळा होतो तो घाईमुळे. मोटोजीपी या बाइक शर्यतींचा चालक मार्क मार्केस जुलै 2020 मध्ये स्पेनमधल्या हेरेसला पडला आणि उजव्या दंडाचे हाड मोडले. शस्त्रक्रियेनंतर आठवड्याच्या आतच तो पुन्हा बाइकवर बसला. मग प्लेट मोडली आणि एकामागून एक शस्त्रक्रिया होत राहिल्या. 2022 साली चौथ्या वेळी तर वाकडे जुळलेले हाड कापून 30 अंशांहून अधिक फिरवावे लागले. तो पुन्हा विश्वविजेता झाला तेव्हा 2025 साल उजाडले होते.

मज्जातंतूचा हिशेब फार कठोर आहे. हातातला प्रत्येक तंतू म्हणजे पाठीच्या कण्यापाशी असलेल्या एखाद्या पेशीची लांबच लांब शेपटी असते. ती तुटली की तुटलेल्या जागेपलीकडचा भाग मरतो. पेशी जिवंत असेल तर तुटक्या टोकातून नवा कोंब फुटतो, पण तो वाढतो दिवसाला साधारण एक मिलिमीटर. कोपरापासून तळहाताच्या स्नायूंपर्यंत 30 सेंटिमीटर धरले तर दहा महिने झाले. तोवर स्नायू आदेशाविना पडून असतो, झिजत असतो. वर्ष-दीड वर्षात तंतू पोहोचला नाही, तर नंतर पोहोचूनही त्याचा उपयोग उरत नाही.

शिवाय कोंब वेलासारखा असतो, त्याला मांडव लागतो. तो मांडव म्हणजे जुन्या तंतूचे रिकामे आवरण. सूक्ष्मदर्शकाखाली शल्यविशारद मज्जातंतूची टोके जुळवतो, पण आतले हजारो तंतू एकेक करून जुळवणे कोणालाच शक्य नाही. अंगठ्याकडे जायचा कोंब करंगळीच्या वाटेला लागतो, स्पर्शाचा तंतू स्नायूशी जाऊन थांबतो. म्हणून इतकी मोठी दुखापत झालेला हात ‘बरा’ होतो तेव्हाही पहिल्यासारखा होत नाही.

कुबित्साचा हातही तसाच राहिला: बारीक, ताकदीला कमी आणि मुख्य म्हणजे नीट न वळणारा. तळहात वर-खाली करताना कोपर-मनगटामधली दोन हाडे एकमेकांवरून फिरतात. रॅलीच्या गाडीत हे वळणे कमी पडले तर कोपर उचलून, खांदा फिरवून भागवता येते. फॉर्म्युला वनच्या कॉकपिटमध्ये कोपरे दोन्ही बाजूंनी दाबलेली असतात, तिथे मनगट आणि तो वळणारा हातच सगळे काम करतो. मधेच जानेवारी 2012 मध्ये तो घराजवळ घसरून पडला आणि पाय पुन्हा मोडला. तरी त्याच वर्षी सप्टेंबरात तो रॅलीत उतरला आणि 2013 मध्ये जागतिक रॅलीच्या दुसऱ्या श्रेणीचा विजेता झाला. फॉर्म्युला वनची गाडी चालवायला मात्र 2017 उजाडावे लागले. त्या ऑगस्टमध्ये हंगेरीतल्या हंगारोरिंग ट्रॅकवरच्या चाचणीत त्याने एका दिवसात 142 फेऱ्या मारल्या. गिअर वर-खाली करण्याचे काम डाव्या हाताला दिले होते, आणि स्टिअरिंगचे सुमारे 70 टक्के काम आपला डावा हात करतो असे त्यानेच सांगितले आहे.

डाव्या हाताला हे जमले कसे? गाडी चालवण्याचे कौशल्य हातात साठवलेलेच नसते. वाळूत पायाच्या अंगठ्याने सही करून पाहा. वेडीवाकडी येईल, पण वळणे तुमचीच असतील, जरी पायाने ती सही पूर्वी कधी केली नसली तरी. मेंदू हालचालीचा आराखडा ठेवतो, तो कुठल्या स्नायूकडून करून घ्यायचा हे नंतर ठरते. मागचे टायर किती घसरू लागलेत हे चालक पाठ, कंबर आणि कानातल्या तोलाच्या इंद्रियावरून ओळखतो आणि पुढच्या क्षणाचा अंदाज आधीच बांधतो. कुबित्साचा तो अंदाज शाबूत होता. बदलायचा होता तो फक्त शेवटचा टप्पा.

आता दुसरा माणूस घेऊ. 23 एप्रिल 1962 रोजी इंग्लंडमधल्या गुडवुड ट्रॅकवर ब्रिटिश शर्यतचालक स्टर्लिंग मॉसची लोटस गाडी मातीच्या बांधावर धडकली. तो महिनाभर बेशुद्ध होता, डावे अंग सहा महिने अर्धवट लुळे. वर्षभराने, मे 1963 मध्ये, त्याच ट्रॅकवर त्याने गाडी चालवून पाहिली. हातपाय काम देत होते, वेगही वाईट नव्हता. पण पूर्वी जे आपोआप घडे ते आता विचार करून करावे लागत होते. त्याने त्याच दिवशी निवृत्ती पत्करली. आपण घाई केली, आणखी थांबायला हवे होते, असे तो पुढे म्हणत असे.

मॉसने जे ओळखले ते चेताशास्त्राला धरूनच होते. नवशिक्या चालकाच्या मेंदूचा पुढचा, विचार करणारा भाग सतत कामाला जुंपलेला असतो. हजारो तासांच्या सरावानंतर तेच काम लहान मेंदू आणि मेंदूच्या खोल गाभ्यातल्या केंद्रांकडे जाते, आणि विचाराला डावपेचांसाठी मोकळीक मिळते. डोक्याच्या जबर मारात या केंद्रांना जोडणारे लांब तंतू ताणले जातात, तुटतात, आणि मेंदूतले तंतू हातातल्यासारखे पुन्हा वाढत नाहीत. डोक्याचा मार सौम्य असला तरी चालकाला तो जड जाऊ शकतो. मान हलली तरी नजर स्थिर ठेवणारी प्रतिक्षिप्त क्रिया बिघडली, तर ताशी 300 किलोमीटर वेगात वळणाचा बिंदूच धूसर होतो. अमेरिकेतल्या नासकार शर्यतींचा चालक डेल अर्नहार्ट धाकटा 2016 चा अर्धा मोसम याच त्रासामुळे बाहेर बसला आणि डोळ्यांचे व तोलाचे व्यायाम करून 2017 मध्ये परतला. तो बाहेर बसला हे मला कुठल्याही विक्रमाइतकेच मोलाचे वाटते. बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या माणसाला थांबायला फार धैर्य लागते.

मॉसच्या शेजारी इटलीचा शर्यतचालक आलेस्सांद्रो झानार्दी याला ठेवा. सप्टेंबर 2001 मध्ये जर्मनीत लाउझिट्सरिंग ट्रॅकवरच्या अपघातात त्याचे दोन्ही पाय गेले. पण मेंदू वाचला होता. कृत्रिम पायाने ब्रेक आणि स्टिअरिंगवरच्या कडीने इंधन, अशा व्यवस्थेवर 2005 मध्ये त्याने बीएमडब्ल्यूतून जागतिक टूरिंग कार शर्यत जिंकली. पाय गमावलेला परततो आणि सगळे अवयव जागेवर असलेला परतत नाही, यात विसंगती काहीच नाही.

परतणे म्हणजे पूर्वीइतके वेगवान होणे, असे मात्र समजू नये. 2019 मध्ये कुबित्सा फॉर्म्युला वनच्या विल्यम्स संघासाठी पूर्ण मोसम खेळला. संघाचा वर्षभरातला एकमेव गुण त्याचाच, हॉकेनहाइमला मिळालेला. पण पात्रता फेरीत तरुण सहकारी जॉर्ज रसेलने त्याला 21 पैकी 21 वेळा मागे टाकले. यात हाताचा वाटा किती आणि आठ वर्षांच्या खंडाचा किती, हे वेगळे काढता येत नाही, कारण तो दूर असताना इंजिने आणि टायर दोन्ही बदलले होते. सहनशक्तीच्या शर्यतींत मात्र तो खुलला. तिथल्या गाडीत जागा थोडी जास्त असते, आणि एका फेरीच्या टोकाच्या वेगापेक्षा तासन्‌तास एकसारखे चालवणे महत्त्वाचे ठरते. जून 2025 मध्ये फेरारीतून ये यीफेई आणि फिल हॅन्सन यांच्यासह त्याने ल मांची 24 तासांची शर्यत जिंकली. शेवटचे तास गाडी त्याच्याच हाती होती, आणि दुसऱ्या क्रमांकाची पोर्शे सुमारे 14 सेकंद मागे.

मज्जारज्जूची दुखापत अजूनही वैद्यकाला न सुटलेली आहे. मेंदूप्रमाणे तिथेही तुटलेले तंतू परत जोडले जात नाहीत. कॅनडाचा रॉबर्ट विकन्स ऑगस्ट 2018 मध्ये अमेरिकेतल्या पोकोनोला इंडीकार शर्यतीत जबर जखमी झाला आणि पायांची बहुतेक शक्ती गेली. 2022 पासून तो हाताने चालवायच्या नियंत्रणांवर शर्यतीत उतरू लागला, 2023 मध्ये त्याने आपल्या गटाचे विजेतेपद मिळवले. तरी वेगवान गाड्यांत अडचण होती ब्रेकची. पाय जे काम शंभर किलोहून अधिक जोर लावून करतो ते बोटांनी करायचे कसे? 2025 मध्ये लाँग बीचला तो कॉर्व्हेट घेऊन उतरला, तेव्हा त्या गाडीला बॉशची इलेक्ट्रॉनिक ब्रेकयंत्रणा होती: बोटांचा दाब ओळखून जोर यंत्र लावते. त्याच गाडीत त्याचा जोडीदार नेहमीच्या पेडलने ब्रेक मारत होता.