गाडीतील पेट्रोलचा वास : निदान आणि दुरुस्ती

मोटारगाडीच्या टाकीपासून इंजिनापर्यंतच्या मार्गात कुठेही पेट्रोल किंवा त्याची वाफ बाहेर पडू लागली, की गाडीत किंवा गाडीभोवती उग्र वास येतो. धडधाकट गाडीत तो येत नाही. पंपावर टाकी भरताना आत शिरलेला वास काचा खाली केल्यावर थोड्या वेळात निघून जातो. त्यानंतरही तो राहिला तर गळती आहे असेच धरून चालावे.

पेट्रोलची वाफ कडाक्याच्या थंडीतही पेट घेते. हवेत तिचे प्रमाण जेमतेम दीड टक्का झाले तरी एक ठिणगी पुरते. शिवाय ती हवेपेक्षा जड असल्यामुळे खाली साचते. ठाण्यातल्या घोडबंदर रोडवरच्या किंवा नवी मुंबईतल्या खारघरच्या सोसायट्यांमध्ये गाड्या तळघरात आणि पोडियमखाली उभ्या असतात, तिथे ही गोष्ट फार महत्त्वाची ठरते. वास कडक असेल तर चावी फिरवू नये, गाडी ढकलत मोकळ्यावर आणावी आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी. जमिनीवर पेट्रोल सांडलेले दिसले तर अग्निशमन दलाला बोलवायला संकोच करू नये.

वास कधी येतो, यावरून तो कुठून येतो ते बरेचसे कळते. टाकी फुल केल्यावर येतो आणि अर्धी झाली की जातो, असे असेल तर दोष टाकीच्या वरच्या भागात असतो. बऱ्याच गाड्यांत मागच्या सीटखाली पत्र्याचे किंवा रबराचे झाकण असते आणि त्याखाली इंधन पंप बसवलेला असतो. पंपाच्या तोंडाशी असलेली रबरी रिंग फुगली, चिरली किंवा आधीच्या कामात वाकडी बसली, की वाफ थेट केबिनमध्ये येते. घोडबंदर रोडवरचा गायमुखचा चढ चढताना पेट्रोल मागे सरकते आणि वास वाढतो, ही तक्रार याच जातीची. टाकीच्या झाकणाचे रबर कडक होणे, हे त्याचे सर्वांत स्वस्त कारण. ते आधी पाहावे.

टाकीतली वाफ हवेत जाऊ नये म्हणून तिच्या मार्गात कोळशाचा डबा, म्हणजे कॅनिस्टर, बसवलेला असतो. तो वाफ शोषतो आणि इंजिन चालू असताना ती जाळायला पाठवतो. पंपावर नोझल आपोआप बंद झाल्यावरही ‘राउंड फिगर’साठी आणखी पेट्रोल ओतले जाते. ते द्रवरूपात या डब्यात जाऊ शकते आणि कोळसा कायमचा निकामी होतो. मग डबा बदलण्यावाचून इलाज नसतो. पहिल्या कटला थांबा, असे पंपावर ठामपणे सांगावे.

सकाळी गाडी सुरू करताच वास येतो आणि एसी बाहेरची हवा घेत असेल तर जास्त येतो, असे असल्यास बोनेटखाली पाहावे. काचेखालच्या जाळीतून हवा आत ओढली जाते आणि तिच्याबरोबर इंजिनजवळची वाफही येते. इथे इंजेक्टरच्या, म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या भागाच्या, ओ-रिंग (रबरी कडी), पाइपांचे जोड आणि रबरी नळ्या तपासायच्या. नेहमीच्या इंजेक्शनच्या गाड्यांत या मार्गात सुमारे 3 ते 4 बार दाब असतो, त्यामुळे केसाएवढ्या चिरेतूनही बारीक फवारा उडतो.

पावसाळ्यात तर उंदीर हेच कारण आधी धरावे. बिळांत पाणी शिरले की ते इंजिनच्या उबेला येतात आणि नळ्या कुरतडतात. नळीवर शेजारी शेजारी दोन बारीक खाचा दिसल्या की ओळखावे. गळलेले पेट्रोल उडून जाते, म्हणून ओल सापडेलच असे नाही. मात्र धुळकट इंजिनवर तेवढाच भाग धुतल्यासारखा स्वच्छ दिसतो, किंवा तिथे पिवळसर डाग राहतो. गाडीखाली टपकणारे एसीचे पाणी पाहून मात्र घाबरू नये, त्याला वास नसतो. गतिरोधकावर बूड घासल्यास तळाच्या पाइपांना पोचे येतात. खाडीकाठच्या खारट दमट हवेत टाकीकडे जाणारी लोखंडी नळी गंजते, तीही पाहावी.

वास सायलेन्सरमधून येत असेल तर गळती नसून पेट्रोल नीट जळत नाही. इंजिन मिसिंग मारते, म्हणजे मध्येच अडखळते, प्लग काळे पडतात. गाडीच्या संगणकातले दोष वाचणारा स्कॅनर लावून प्लगला वीज देणारी कॉइल, सेन्सर आणि इंजेक्टर तपासावेत. ऑइलच्या काडीला पेट्रोलचा वास आला तर इंजेक्टर आत गळतो आहे. ऑइल पातळ झाल्याने इंजिनची झीज होते, म्हणून इंजेक्टर दुरुस्त करून ऑइलही बदलावे.

दुरुस्तीआधी लाइनमधला दाब काढणे आवश्यक आहे. मार्गात उघडी गळती नसेल तरच पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवतात. नळी पेट्रोलसाठीचीच आणि दाब सोसणारी घ्यावी. पाण्याची नळी, चिकटपट्टी किंवा एम-सील लावून दिलेली दुरुस्ती ही दुरुस्तीच नव्हे, तसे करणारे गॅरेज सोडावे. जुन्या गाड्यांत 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने काही रबर लवकर खराब होऊ शकते, म्हणून त्याला चालणारेच भाग मागावेत. काम झाल्यावर इंजिन सुरू न करता दोन-तीनदा चावी ऑन करावी. पंप दाब भरतो, तेवढ्यात टॉर्चने प्रत्येक जोड पाहून घ्यावा.

डिझेलचा वास तेलकट असतो आणि डाग ओला राहतो, त्यामुळे गळती लवकर सापडते.

सीएनजीची गोष्ट वेगळी. त्या वायूला मुळात वास नसतो, गळती कळावी म्हणून सडक्या अंड्यासारखा वास मुद्दाम मिसळतात. हा वायू हवेपेक्षा हलका असल्याने वर जातो. असा वास आल्यास काचा व डिकी उघडून सिलिंडरचा व्हॉल्व्ह हाताने बंद करावा आणि अधिकृत केंद्रात जोड साबणाच्या पाण्याने तपासून घ्यावेत. सिलिंडरची हायड्रोटेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने घेतलेली मजबुतीची चाचणी, दर 3 वर्षांनी करावी लागते. तिची तारीख सिलिंडरवरच्या पट्टीवर असते.