महाराष्ट्रातील ऊसशेती : धोरण, पाणी आणि आरोग्य

कोणते पीक कुठे घ्यायचे हे जमीन, पाऊस आणि शेतकऱ्याची आवड यांवर ठरते असा सर्वसाधारण समज आहे. महाराष्ट्रातील ऊस या समजाला छेद देतो. राज्याचा ऊस पिकवणारा मोठा भाग पर्जन्यछायेत आहे. सोलापूर, अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर), लातूर, धाराशिव, बीड या जिल्ह्यांत वर्षाला साधारण 500 ते 800 मिलिमीटर पाऊस पडतो, तर उसाला लागणीपासून तोडीपर्यंत 2,000 मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाणी लागते. तरीही 2021-22 च्या गाळप हंगामात महाराष्ट्राने सुमारे 137 लाख टन साखर तयार केली आणि उत्तर प्रदेशालाही मागे टाकले. हे घडले ते कालवा, कारखाना आणि हमीभाव या तिन्हींमागच्या सरकारी निर्णयांमुळे. त्या निर्णयांचा परिणाम विहिरींवर, जमिनीवर, ऊस तोडणाऱ्यांच्या शरीरावर आणि गावातल्या ताटावर कसा झाला, हा या नोंदीचा विषय आहे.

कालव्यापासून कारखान्यापर्यंत

1876-77 च्या मोठ्या दुष्काळानंतर मुंबई इलाख्याच्या सरकारने दख्खनमध्ये संरक्षक कालवे काढले. नीरा डावा कालवा 1885 मध्ये सुरू झाला. पाऊस दगा देईल त्या वर्षी ज्वारी-बाजरी जगवणे हा त्याचा हेतू होता. पण ज्वारी बऱ्या पावसाच्या वर्षी काळ्या जमिनीतल्या ओलीवर येते, तिला पाटाचे पाणी विकत घेण्याची गरज पडत नाही. कालव्याचे पाणी खपेना आणि पाणीपट्टीही जमेना. वर्षभर पाणी पिणारा आणि पट्टी भरू शकणारा ऊस मग पाटबंधारे खात्याच्याच सोयीचा ठरला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अभियंता विश्वेश्वरय्यांनी आखलेल्या ब्लॉक पद्धतीत उसाचे क्षेत्र मर्यादित ठेवून पाणी अधिक गावांत पसरवण्याचा प्रयत्न होता. पुढे मात्र ऊसच वाढत गेला. दुष्काळात ज्वारी वाचवायला काढलेल्या पाटावर उसाचा फड उभा राहिला, ही या इतिहासातली मूळ गाठ आहे.

1932 मध्ये साखर उद्योगाला आयातीपासून संरक्षण मिळाले आणि खासगी कारखाने झपाट्याने वाढले. स्वातंत्र्यानंतर विठ्ठलराव विखे पाटील, अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ आणि वैकुंठभाई मेहता यांच्या प्रयत्नांतून लोणी येथे प्रवरा सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि 1950 मध्ये त्याचे गाळप सुरू झाले. सावकाराच्या आणि खासगी कारखानदाराच्या दारात उभा राहणारा शेतकरी इथे सभासद म्हणून मालक झाला. शाळा, महाविद्यालये, दवाखाने, दूध संघ आणि रस्ते कारखान्यांभोवती उभे राहिले. ग्रामीण महाराष्ट्राला त्यातून मिळालेले बळ खरे आहे, आणि उसावर टीका करणाऱ्यांनी ते विसरता कामा नये.

शेतकरी ऊसच का लावतो

'ऊस हे आळशाचे पीक' असे गावोगाव म्हटले जाते. ते अन्यायाचे आहे. शेतकरी ऊस लावतो कारण भाव आधी ठाऊक असलेले आणि गिऱ्हाईक ठरलेले दुसरे पीक त्याच्याकडे नाही. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार कारखान्याने ऊस घेतल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यायचे असतात. 2009 पासून दर एफआरपी, म्हणजे रास्त व किफायतशीर दर, या नावाने केंद्र सरकार जाहीर करते. 2024-25 साठी तो 10.25 टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) क्विंटलमागे 340 रुपये होता. एकरी 40 टन ऊस निघाला तर त्या दराने तोडणी-वाहतूक वजा होण्यापूर्वी 1,36,000 रुपये होतात. पैसे थकतात, त्यासाठी आंदोलने होतात, काटामारीच्या, म्हणजे वजनातल्या फसवणुकीच्या, तक्रारी असतात. तरी हा हिशेब लावणीच्या दिवशीच मांडता येतो.

ज्वारीचा हमीभावही जाहीर होतो. 2024-25 मध्ये मालदांडी या वाणासाठी तो क्विंटलला 3,421 रुपये होता. पण जाहीर होणे वेगळे आणि खरेदी होणे वेगळे. सरकारी खरेदीचा भर 1965 मध्ये भारतीय अन्न महामंडळ स्थापन झाल्यापासून गहू आणि तांदळावर राहिला. ज्वारीवाल्याला आडतीवर जो भाव मिळेल तो घ्यावा लागतो. तुरीचे, कांद्याचे, टोमॅटोचे काय होते ते सांगायला नको. गारपिटीने द्राक्षबाग एका रात्रीत झोपते, ऊस मात्र आडवा पडला तरी कारखान्याला जातो. अशा वेळी एकच एकर बागायत असलेला माणूस ऊस सोडून डाळ लावेल अशी अपेक्षा धरणे म्हणजे सगळी जोखीम त्याच्याच खांद्यावर टाकणे आहे.

वर पाण्याचा आणि विजेचा दर. कालव्याची पाणीपट्टी बहुतेक ठिकाणी क्षेत्रावर आणि हंगामावर आकारली जाते, प्रत्यक्ष वापरलेल्या पाण्यावर क्वचितच. शेतीपंपाची वीज दशकानुदशके मोटरच्या अश्वशक्तीवर ठोक दराने मिळत आली. 2024 पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना ती मोफत आहे. वीज बऱ्याचदा रात्री येते, म्हणून शेतकरी मोटर चालू करून सरीत पाणी सोडतो आणि वीज जाईपर्यंत ते वाहत राहते. याला 'मोकाट पाणी' म्हणतात.

पाणी आणि जमीन

राज्याच्या पेरणीक्षेत्रात उसाचा वाटा 4 टक्क्यांच्या आसपास आहे, पण सिंचनाच्या पाण्यातला त्याचा वाटा निम्म्याहून बराच अधिक आहे. हे आकडे डोळ्यांपुढे आणायचे असतील तर एका एकराचा हिशेब करावा. एका एकरावर 2,000 मिलिमीटर पाणी म्हणजे साधारण 80 लाख लिटर. माणशी दिवसाला 55 लिटर धरले तर 400 वस्तीच्या गावाला ते वर्षभर पुरते. एप्रिल 2016 मध्ये मांजरा धरण कोरडे पडल्यावर मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. 'जलदूत' नावाच्या त्या गाडीच्या पहिल्या खेपेत 5 लाख लिटर पाणी होते. म्हणजे एक एकर ऊस अशा 16 खेपा पितो. लातूरकर घागरी घेऊन रांगेत उभे होते, त्या जिल्ह्यातही साखर कारखाने होते आणि उसाचे मळे होते.

माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील महाराष्ट्र जल व सिंचन आयोगाने 1999 मध्येच कमी पावसाच्या प्रदेशात ऊस घेऊ नये असे सुचवले होते. पुढच्या काळात त्याच प्रदेशात नवे कारखाने निघाले, आणि सोलापूर हा उजनी धरणाच्या पाण्यावर देशातल्या सर्वांत दाट कारखान्यांच्या जिल्ह्यांपैकी एक झाला. 2017 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने उसाला ठिबक सक्तीचे करण्याचा निर्णय घेतला. ठिबकने पाण्यात मोठी बचत होते, उतारा आणि टनेजही सुधारते. पण वाचलेल्या पाण्यावर शेजारच्या पडीक तुकड्यात पुन्हा ऊसच लागला, तर धरणाच्या हिशेबात काहीच शिल्लक राहत नाही.

पाणी कमी असलेल्या भागात विहिरी आटतात, पाणी भरपूर असलेल्या भागात जमीन मरते. सांगली-कोल्हापुरात कृष्णाकाठच्या भारी काळ्या जमिनींना वर्षानुवर्षे अति पाणी दिले गेले. निचरा नसल्याने जमिनीखालची पातळी वर आली, पाण्याबरोबर क्षार वर आले आणि पाणी उडून गेल्यावर ते पृष्ठभागावर राहिले. अशा शेताकडे लांबून पाहिले तर मीठ पेरल्यासारखे दिसते. माती पावसात चिकट आणि उन्हात दगड होते, बेणे कुजते, शेवटी वेड्या बाभळीखेरीज काही उगवत नाही. शेतकरी अशा जमिनीला 'क्षारपड' किंवा 'चोपण' म्हणतात. शिरोळ तालुक्यात जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून खारे पाणी बाहेर काढण्याचे काम शेतकऱ्यांनी एकत्र येऊन केले आणि वर्षानुवर्षे पडलेली शेते पुन्हा पिकाखाली आली. खर्च मोठा असल्याने आणि पाइप शेजाऱ्याच्या रानातूनच न्यावा लागत असल्याने हे काम एकट्याचे नाही.

खताचेही तसेच. आडसाली (सुमारे दीड वर्ष शेतात राहणाऱ्या) उसाला हेक्टरी 400 किलो नत्राची शिफारस आहे, आणि प्रत्यक्षात अनेक जण त्यापुढे जातात. 2010 मध्ये पोषणद्रव्यांवर आधारित खत अनुदान आले तेव्हा युरिया त्याबाहेर ठेवला गेला. 45 किलोची गोणी 266 रुपयांच्या आसपास मिळत असताना पालाश आणि स्फुरद महागले. स्वस्त ते जास्त टाकले जाते. मोकाट पाण्याबरोबर नत्र खाली झिरपते आणि नायट्रेट होऊन त्याच गावाच्या विहिरीत उतरते. पिण्याच्या पाण्यात लिटरला 45 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट तान्ह्या मुलांना धोक्याचे असते, आणि पाणी उकळल्याने ते जात नाही. तोडणीनंतर फडात पेटवलेले पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला, धूर करते आणि मातीत परत जायला हवा तो सेंद्रिय अंश राख करते. तेच पाचट सरीत कुजवले तर खोडव्याला (तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा येणाऱ्या पिकाला) पाणीही कमी लागते. हे सांगणारे शेतकरी वाढत आहेत.

कोयता

ऊस पिकवणाऱ्याबद्दल बरेच लिहिले जाते, तोडणाऱ्याबद्दल त्याच्या निम्मेही नाही. दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड, जालना, परभणी, धाराशिव, अहिल्यानगर आणि आसपासच्या कोरडवाहू तालुक्यांतून लाखो माणसे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात तोडीला जातात. नवरा-बायको मिळून 'एक कोयता' धरला जातो. एकटा माणूस म्हणजे 'अर्धा कोयता'. मुकादम, म्हणजे मजूर पुरवणारा ठेकेदार, हंगामाआधी 'उचल' (आगाऊ रक्कम) देतो आणि ती फिटेपर्यंत माणूस बांधला जातो. एक दिवस कामावर गेला नाही तर 'खाडा' पडतो, म्हणजे मजुरी तर बुडतेच, वर दंड उचलीत चढतो.

बाई पहाटे तीन-चारला उठते. कोपीसमोर (झोपडीसमोर) तीन दगडांच्या चुलीवर भाकरी करते आणि अंधारातच फडावर जाते. नवरा तोडतो, ती मोळ्या बांधते आणि पंचवीस-तीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून वर चढते. फडात शौचालय नसते आणि धुवायला पाणी नसते. पाळीच्या दिवसांतही मोळी चुकत नाही, गरोदरपणातही सातव्या-आठव्या महिन्यापर्यंत चुकत नाही. अंगावरून पांढरे जाणे, पोट दुखणे, जंतुसंसर्ग ही दुखणी घेऊन ती सुट्टीत गावी येते. तिथे खासगी दवाखान्यात तिला 'पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल' असे सांगितले जाते. औषधाने बरे होणाऱ्या दुखण्यासाठी पिशवी काढली जाते. त्यासाठी पुन्हा उचल घेतली जाते.

2019 मध्ये हा प्रश्न विधिमंडळात आला, तेव्हा बीड जिल्ह्यातल्या खासगी रुग्णालयांत तीन वर्षांत 4,605 गर्भाशये काढल्याची माहिती सरकारने दिली. त्यानंतर डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या अहवालात पाहणी झालेल्या 82,309 ऊसतोड स्त्रियांपैकी 13,861 जणींची ही शस्त्रक्रिया झाल्याचे नोंदले गेले. म्हणजे दर सहा जणींत एक. त्याच दशकातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातले प्रमाण 3 टक्क्यांच्या थोडे वर होते. यातल्या अनेक जणी तिशी-पस्तिशीच्या होत्या. अंडाशयेही काढली असतील तर रजोनिवृत्ती अकाली येते, हाडे ठिसूळ होतात, दरदरून घाम फुटतो, आणि ज्या पाठीवर घर चालते ती पाठच धरते. पुढे बीडमध्ये अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याची अट आली. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने कल्याण महामंडळ स्थापन झाले. जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ झाली. फडात पिण्याचे पाणी आणि शौचालय कुणी द्यायचे, हे मात्र अजूनही कारखाना, मुकादम आणि शेतमालक एकमेकांवर ढकलतात. एफआरपी ठरवताना उत्पादनखर्च मोजला जातो, या बाईच्या शरीराची झीज त्यात कुठेच धरलेली नसते.

ताटातला बदल

1960-61 मध्ये महाराष्ट्रात 60 लाख हेक्टरांहून अधिक क्षेत्रावर ज्वारी होती. आता ती त्याच्या एक तृतीयांशाच्या आत आली आहे. ही सगळी जागा उसाने घेतलेली नाही. सोयाबीन आणि कापसाचा वाटा त्यात मोठा आहे. पण दिशा तीच आहे. रेशनवर गहू-तांदूळ आला, ज्वारी खाणाऱ्या घरात पोळी आणि भात रोजचा झाला, आणि ज्वारी शहरात पिठाच्या महागड्या पिशवीत जाऊन बसली. ज्वारीबरोबर तंतुमय पदार्थ आणि खनिजे गेली, जनावरांचा कडबाही गेला. राज्यातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आहे, आणि त्याला अनेक कारणे असली तरी ताटातली ही गरिबी त्यांतले एक आहे. जी साखर एवढे पाणी पिऊन तयार होते तिचा निम्म्याहून अधिक भाग घरच्या डब्यात जात नाही. तो शीतपेये, मिठाई आणि बिस्किटांचे कारखाने घेतात.

सोलापूर जिल्ह्यात दोन्ही वाटा शेजारीशेजारी दिसतात. भीमाकाठी उजनीच्या पाण्यावर ऊस, आणि मंगळवेढ्याच्या खोल काळ्या रानात परतीच्या पावसाच्या ओलीवर, एकही पाणी न देता आलेली मालदांडी. मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकनाने भावाची हमी मात्र मिळत नाही.

वेगळे हिशेब

अलीकडे साखरेचा साठा कमी करायला इथेनॉलचा मार्ग धरला गेला. 2018 च्या जैवइंधन धोरणाने उसाच्या रसापासूनही इथेनॉल करायला मुभा दिली. कारखान्यांची थकबाकी कमी व्हायला त्याने मदत झाली. कमी पावसाच्या वर्षी, डिसेंबर 2023 मध्ये, केंद्राला रसाच्या वापरावर अचानक निर्बंध घालावे लागले. साखर असो वा इंधन, धरणातून तेवढेच पाणी जाते.

पाण्याकडून सुरुवात करणारे प्रयोगही महाराष्ट्रातच झाले. 1972 च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातल्या नायगावात पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीच्या मापाने न देता घरातल्या माणसांच्या संख्येने, माणशी अर्ध्या एकरापुरते द्यायचे, भूमिहीनालाही वाटा ठेवायचा आणि ऊस लावायचा नाही, असे तिचे नियम होते. नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारने ऊस आणि केळी बंद केली, शेतीसाठी बोअर घेण्यावर बंदी घातली. तिथे दरवर्षी पावसाचा आकडा ग्रामसभेसमोर ठेवून पाण्याचा ताळेबंद मांडतात : आधी माणसे आणि जनावरे, मग खरीप, आणि उरलेल्या पाण्यावर रब्बीत काय पेरायचे ते त्याच बैठकीत ठरते.