तालिक आणि दगडावरची ऑटोमन कविता

इस्तंबूलमधल्या जुन्या पाणपोया, इमारतींचे दरवाजे आणि कबरींचे दगड यांवर तुर्की कविता कोरलेल्या असतात, बहुतेक अरबी लिपीच्या तालिक किंवा सुलुस वळणात. कुराणातल्या आयतींना सुलुस, कवितेला तालिक अशी साधारण वाटणी, पण काटेकोर नाही.

नावातच घोळ आहे. तुर्क ज्याला तालिक म्हणतात ते इराणात आणि आपल्याकडे नस्तालिक (उर्दू पेपरमध्ये दिसतं तेच), इराणी तालिक वेगळं, दफ्तरी कागदांचं. नस्तालिक 14व्या शतकाच्या उत्तरार्धात मीर अली तबरीझीने काढलं असं जुने ग्रंथ सांगतात, पण त्याच सुमाराच्या शिराझच्या हस्तलिखितांत नस्ख (अरबी लिपीचं साधं, पुस्तकी वळण) हळूहळू कलत गेलेलं दिसतं, त्यामुळे वळण आधीच घडत होतं आणि मीर अलीने त्याला शिस्त लावली हे मत जास्त पटतं. खास ऑटोमन तालिक येसारी मेहमेद एसाद (मृत्यू 1798) याच्यापासून धरतात. उजवी बाजू लुळी म्हणून तो डाव्या हाताने लिहायचा, 'येसारी' म्हणजेच डावखुरा. दगडावरच्या मोठ्या अक्षराला पक्कं रूप दिलं ते त्याच्या मुलाने, येसारीझादे मुस्तफा इझ्झेतने.

खत्तात म्हणजे सुलेखनकार स्वतः दगड कोरत नाही. तो बोरूने कागदावर लिहितो, मग अक्षरांच्या कडेकडेने सुईने भोकं पाडून कागद संगमरवरावर ठेवतात आणि वरून कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी आपटतात, आपला रांगोळीचा छापा असतो तसंच, आणि मग उमटलेल्या ठिपक्यांवरून कारागीर छिन्नी चालवतो.

शेवटच्या चरणात बहुधा 'तारीख' असते, म्हणजे अक्षरांच्या अबजद किमती (अरबी लिपीत प्रत्येक अक्षराला ठरलेला आकडा) मिळवल्या की बांधकामाचं हिजरी वर्ष निघतं. 1928 मध्ये तुर्कस्तानने लॅटिन लिपी घेतल्यावर ही रीत मागे पडली. नमुना बघायचा तर तोपकापी राजवाड्याबाहेरची सुलतान तिसऱ्या अहमदची पाणपोई (1728). चारी बाजूंनी कवी सेय्यिद वेहबीची कविता आहे, पण तारखेचा चरण खुद्द सुलतानाचा मानतात आणि तो स्वतः चांगला खत्तात होता. अर्थ असा: बिस्मिल्ला म्हणून उघड, पाणी पी, खान अहमदसाठी दुआ कर. सांगतात की सुलतानाच्या चरणाची बेरीज 1137 येत होती, हव्या त्या हिजरी वर्षापेक्षा चार कमी, तेव्हा वेहबीने सुरुवातीला 'आच' म्हणजे 'उघड' हा शब्द जोडला: अलिफचा 1, चे हे अक्षर जीम या अक्षरासारखंच धरतात म्हणून 3. झाले 1141. किस्सा नंतर रचलेला असू शकेल, पण गणित चोख आहे, आणि तो शब्द तोटीपाशी इतका शोभतो की भर घातलेला वाटतच नाही.